क्लचचं ऑइल जातं कुठं?

आज जुन्या ट्रकच्या क्लचबद्दल बोलायचंय. त्यातही एकाच गोष्टीबद्दल: क्लचच्या डब्यातलं ऑइल कमी होतं, ते जातं कुठं?

आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. टाटाची ४०७ बाजारात आली १९८६ साली. तेव्हाच्या नसल्या तरी वीस-बावीस वर्षांच्या ४०७ अजून तासगावची द्राक्षं, सांगलीची हळद, कराडचा गूळ ओढतायत. उसाच्या हंगामात मोठ्या जुन्या ट्रकांची तर कारखान्याच्या यार्डात रांगच लागलेली असते. या गाड्यांच्या केबिनमध्ये सीटमागं हात घाला, दहातल्या सहा गाड्यांत एक बाटली हाताला लागेल. अर्धी भरलेली, बूच हरवलेलं, तोंडाला चिंधी कोंबलेली. ती ब्रेक ऑइलची बाटली. ड्रायव्हरला विचारलं, ही कशाला? तर म्हणणार, "काय न्हाय मिस्त्री, क्लच वाईच ऑइल पितोय."

क्लच ऑइल पीत नाही. इंजिन पितं, कारण त्यातलं थोडं ऑइल जळतं. रेडिएटरचं पाणी उडून जातं. पण क्लचच्या नळीतलं ऑइल जळायला तिथं आग नाही आणि उडून जायला वाट नाही. डबा, नळी आणि दोन सिलिंडर एवढाच त्याचा संसार. त्यातून ते कमी झालं म्हणजे कुठूनतरी बाहेर पडलं, दुसरं काही होऊच शकत नाही.

आपल्याकडं ही गोष्ट गळी उतरवणं जरा अवघड जातं, आणि त्याचं कारण आहे आपल्या विहिरीवर. हा पंपांचा मुलूख आहे. किर्लोस्करवाडी १९१० सालची. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचे मोठमोठे पंप इथंच. शेतकऱ्याच्या पोराला पंपाची ग्लँड दोरी कशी भरायची ते मिसरूड फुटायच्या आधी कळतं. आणि त्या ग्लँडचा नियम काय? थेंब थेंब पाणी ठिबकलंच पाहिजे. ग्लँड आवळून पूर्ण बंद केली तर दोरी जळते, शाफ्ट घासतो. ठिबकणारा पंप हा नीट चाललेला पंप. हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, मग तोच माणूस ट्रकचा मालक झाला की क्लचखालचा थेंब बघून म्हणतो, एवढं चालायचंच. क्लचमध्ये नाही चालायचं. तिथं फिरता शाफ्ट नाही, गार ठेवायला थेंब लागत नाही. तिथं रबराचा कप आहे, आणि त्यानं एक थेंबही सोडायचा नसतो.

दुसरं एक कारण सांगतात, "प्लेट घासली म्हणून ऑइल उतरलं." हे ब्रेकवरून आलेलं आहे. डिस्क ब्रेकचे पॅड घासले की पिस्टन बाहेर सरकतो आणि डब्यातलं ऑइल खरंच उतरतं. क्लचमध्ये उलटं होतं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटची बोटं रिलीज बेअरिंगकडं येतात. बेअरिंग, फोर्क आणि खालचा पिस्टन मागं ढकलला जातो. ऑइल हललंच तर किंचित वर चढेल, खाली येणार नाही.

आता हे सगळं चालतं कसं ते थोडक्यात. पॅडलच्या मागं वरचा सिलिंडर, त्याला आपण मास्टर म्हणतो. बेल हाऊसिंगच्या अंगाला खालचा सिलिंडर, तो स्लेव्ह. मधे लोखंडी नळी आणि शेवटी हातभर रबरी होज, कारण इंजिन रबरावर हलतं आणि चासी तशी हलत नाही. पॅडल दाबलं की मास्टरचा पिस्टन ऑइल ढकलतो, ते स्लेव्हचा पिस्टन ढकलतं, तो फोर्क ढकलतो, क्लच सुटतो.

यात दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. समजा मास्टरचा व्यास १९ मिलिमीटर आहे आणि पिस्टन ३० मिलिमीटर सरकतो. हिशेब केला तर एका दाबात पुढं जाणारं ऑइल भरतं साडेआठ मिलिलिटर. दोन चमचेसुद्धा नाही. एवढ्यावर तुमचा अख्खा क्लच सुटतो. मग त्या नळीत दोन मिलिलिटरचा हवेचा बुडबुडा शिरला, तर काय उरलं? हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पॅडल पूर्ण खाली जातं, क्लच अर्धाच सुटतो आणि गिअर करकरतो.

दुसरा आकडा दाबाचा. पायानं पंधरा किलोचा जोर दिला आणि पॅडलच्या दांड्यानं तो सहापट केला, तर नव्वद किलो झाले. ते पावणेतीन-तीन चौरस सेंटीमीटरच्या पिस्टनवर येतात. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरला तीस किलोच्या वर. मोठ्या ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ किलो असतात. टायरच्या चौपट दाब एका रबरी कपाच्या पातळ ओठानं धरून ठेवायचाय, तोही प्रत्येक दाबाला. त्या ओठावर केसाएवढी चीर पडली तरी गळती सुरू.

गळती शोधायला पाना लागत नाही. आधी केबिनमध्ये बसा, पायातलं मॅटिंग उचला आणि पॅडलच्या वर, दांडी जिथं मास्टरमध्ये शिरते तिथं बोट फिरवा. ओलं लागलं, किंवा तिथला रंग फुगून सुटलेला दिसला, तर मास्टरचा मागचा सील गेला. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळं जुनी गळतीही लपत नाही. मग गाडीखाली जा. चाकाला दगड लावून, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून मगच. स्लेव्हच्या तोंडावरचा रबरी बूट चिमटीत धरून दाबा. आतून ओलं आलं तर स्लेव्हचा कप गेला. नळीचे नट, होजची दोन्ही टोकं आणि तांब्याचे वायसर तेवढ्यात बघून घ्या.

बेल हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून काहीतरी ठिबकतंय, ते नेमकं काय हे कळत नसेल तर एक सोपी रीत आहे. वाटीत पाणी घ्या, त्यात तो थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल तरंगतं. तरंगणारं काळं असेल तर इंजिनचा मागचा सील बघावा लागेल. घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर गिअर बॉक्सचा. हे आधी न बघता गिअर बॉक्स उतरवणारे लोक मी बघितलेत. अर्ध्या दिवसाच्या कामाचे दोन दिवस होतात आणि गळती जागच्या जागी राहते.

एक गळती मात्र बाहेर दिसतच नाही. डब्यात ऑइल बरोबर आहे, खाली थेंब नाही, पण पॅडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं आणि गाडी गिअरमध्ये पुढं सरकायला लागते. सिग्नलला हे पटकन लक्षात येतं. यात मास्टरचा पुढचा कप ऑइल मागं सोडत असतो, आतल्या आत. याला ओलं शोधत बसू नका, मास्टर उघडा.

आता एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारी महिना, द्राक्षाचा हंगाम भरात. माझं गॅरेज उंब्रजजवळ हायवेला. रात्री साडेनऊच्या सुमाराला एक जुनी ४०७ गचके खात दारात आली. तासगावकडची. गाडी ड्रायव्हरच्या चुलत्याची, माल तिघा शेतकऱ्यांचा, जायचं वाशी मार्केटला, पहाटेच्या आत. पोरगा पंचवीस-सव्वीसचा. पेठ नाक्यावर पहिल्यांदा पॅडल खाली गेलं. त्यानं बाटलीतलं ऑइल ओतलं, चार-सहा पंप मारले, निघाला. कराडला परत तेच. माझ्याकडं आला तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली तळाला गेली होती. म्हणाला, "मिस्त्री, निस्ती हवा काढून द्या. वाशी गाठतो कसा बी."

मी स्लेव्हचा बूट दाबला. पिचकारी उडाली.

आता हिशेब बघा. पेठ नाका ते उंब्रज पंचेचाळीस किलोमीटर धरा. इथून वाशी अडीचशेच्या पुढं. पण खरी अडचण किलोमीटरची नव्हती. क्लचची गळती अंतरावर चालत नाही, पॅडल किती वेळा दाबलं यावर चालते. सरळ हायवेला टॉप गिअरमध्ये तुम्ही तासात चार वेळा पॅडल दाबाल. कात्रजला गर्दी लागली किंवा बोरघाटात ट्रॅफिक तुंबलं, की दहा मिनिटांत चाळीस वेळा. म्हणजे क्लच जाणार तो नेमका घाटात, मागं-पुढं कंटेनर असताना. क्लचशिवाय गाडी नेणारे ड्रायव्हर आहेत, आवाजावर गिअर टाकतात, थांबलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये स्टार्टरवर उचलतात. सपाट मोकळ्या रस्त्यावर गॅरेजपर्यंत यायला ती कला ठीक आहे. भरलेली गाडी चढाला थांबवून स्टार्टरवर उचलायला गेलात तर ती मागं येते. नुसती हवा काढून त्याला सोडणं म्हणजे बोरघाटात सोडणं होतं. मी नाही म्हणालो.

पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "तीन घरचा माल हाय." ते मलाही दिसत होतं. पेट्या वरपर्यंत लागलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला तोच माल त्याच भावाला जात नाही.

या जुन्या गाड्यांचं एक बरं असतं. स्लेव्ह बाहेर, दोन बोल्टांवर. नव्या बऱ्याच गाड्यांत तो बेल हाऊसिंगच्या आत बेअरिंगसकट असतो, तिथं गिअर बॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. इथं वीस मिनिटांत सिलिंडर टेबलावर आला. बूट काढला, आतलं लॉक काढलं, तोंडाला जाड फडकं धरून हवेचा हलका दाब दिला, पिस्टन बाहेर. हवा देताना फडकं विसरू नका, तो पिस्टन गोळीसारखा येतो. कपाचा ओठ एका बाजूनं फाटलेला होता.

फाटलेला कप बघून लगेच किट उघडायचं नसतं. कप का फाटला ते सिलिंडर सांगतो. फडक्यानं पुसून बॅटरीच्या उजेडात आतून बघितला, तर आत गंजाचे खड्डे होते. नख फिरवलं तर अडकत होतं. ऑइलमध्ये पाणी मुरलं की सिलिंडरला आतून गंज धरतो. खड्ड्यावरून कप गेला की प्रत्येक दाबाला थोडा सोलला जातो. अशा सिलिंडरात नवा कप घातला तर तोही काही दिवसांत तसाच होणार.

मग नवा सिलिंडर. कराडची दुकानं बंद झालेली. गावातल्या दुकानदाराला फोन केला, तो वरच राहतो, शटर उघडून एक स्लेव्ह घेऊन खाली आला. दिसायला सारखा, बोल्टांची भोकं सारखी, नळीचा नटही बसला असता. व्हर्निअर लावला तर जुना २२ मिलिमीटरचा आणि हा २५ चा. पोरगा म्हणाला, "मोठा हाय की, चांगलंच!" इथं तो मघाचा साडेआठ मिलिलिटरचा हिशेब कामाला येतो. तेवढंच ऑइल २२ च्या सिलिंडरात गेलं तर पिस्टन साधारण साडेबावीस मिलिमीटर सरकतो, २५ च्या सिलिंडरात फक्त सव्वासतरा. पॅडल हलकं लागतं, ड्रायव्हर खूश होतो, पण क्लच पूर्ण सुटत नाही. प्लेट ओढत राहते, गिअर करकरतात, आणि हवा राहिलीय समजून माणूस रात्रभर हवा काढत बसतो. दुकानदाराला चहा पाजून सिलिंडर परत केला.

मग परत जुना सिलिंडर हातात घेतला आणि नीट मोजलं. खड्डे होते ते तळाकडच्या टोकाला. कप तिथपर्यंत जायचा तो पिस्टन पार मागं बसल्यावर. दाबाच्या वेळी कप जिथं फिरतो, त्यातला पुढचा भाग गुळगुळीत होता. म्हणजे किट टाकलं तर एक रात्र निघेल, महिना निघणार नाही. हे त्याला तसंच सांगितलं. म्हटलं, ही दुरुस्ती वाशीपर्यंतची आहे आणि परत इथं येईपर्यंतची आहे. येताना गाडी घेऊन इथंच यायचं, वरचा-खालचा दोन्ही सिलिंडर नवे टाकायचे. कबूल असेल तर करतो. त्यानं चुलत्याला फोन लावून दिला, मी चुलत्यालाही तेच सांगितलं. मालकाशी बोलल्याशिवाय अर्धी दुरुस्ती करू नये. रस्त्यात काही झालं तर बोलणी ड्रायव्हर खातो.

काम करताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. सिलिंडर ताज्या ब्रेक ऑइलनं धुवा. डिझेल किंवा पेट्रोलनं नाही, त्याचा अंश राहिला तरी नवं रबर फुगतं. कपाचा ओठ ऑइलच्या बाजूला असायला हवा. उलटा बसला तर दाब ओठाला उघडायच्या ऐवजी मिटवतो आणि पहिल्याच दाबाला ऑइल बाहेर. बसवताना कप ताज्या ब्रेक ऑइलनं भिजवा, ग्रीस लावू नका. तांब्याचे वायसर नवे घ्या, जुने एकदा चेपलेले असतात. आणि नळीचा नट दाताच्या पान्यानं पिळू नका. तो गोल झाला की नळी बदलण्यावाचून मार्ग नाही.

हवा काढायला दोन माणसं लागतात. त्या रात्री पोरगा पॅडलवर, मी खाली. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. "दाब." निपल सैल. ऑइल आणि बुडबुडे येतात. निपल बंद. "सोड." निपल बंद व्हायच्या आत पॅडल सोडलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, म्हणून हे दाब-सोड मोठ्यानं बोलून करायचं. दर पाच-सहा वेळांनी डबा बघायचा, डबा रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून. शेवटी बुडबुडे येतच नाहीत पण पॅडल मऊच लागतं असं होतं. तेव्हा निपल बंद ठेवून स्लेव्हची दांडी हातानं हळू आत ढकला आणि सोडा, असं चार-पाच वेळा. अडकलेली हवा नळीतून वर चढून डब्यात येते.

आणि एक. जुना मास्टर तसाच ठेवून हवा काढत असाल तर पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. रोजच्या वापरात मास्टरचा कप सिलिंडरच्या ठरावीक भागात फिरतो, पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथं गंज असतो. हवा काढताना तुम्ही पॅडल पार तळापर्यंत आपटता, कप त्या गंजावर जातो आणि सोलला जातो. मग दुसऱ्या दिवशी मालक येतो, "खालचा केला आणि वरचा गळायला लागला, मिस्त्रीनं काहीतरी केलं." म्हणून मी शक्यतो दोन्ही एकदम करायला सांगतो. दोन्ही सारख्या वयाचे असतात आणि दोन्हींनी तेच पाणी प्यालेलं असतं.

शेवटी पॅडलची मोकळी चाल. मास्टरची दांडी आणि पिस्टन यांच्यात साधारण एक मिलिमीटर फट हवी, पायाला ती थोड्या ढिलेपणासारखी लागते. ढिलं वाटतं म्हणून ती फट मारून टाकणारे आहेत. तसं केलं की डब्याकडं जाणारं बारीक भोक पिस्टनखाली झाकलेलं राहतं, ऑइल गरम होऊन फुगलं की परत जायला जागा नाही, आणि पॅडल न दाबताच क्लच थोडा सुटलेला राहतो. प्लेट घसरते, जळका वास येतो. मग मालक प्लेटचं बिल भरतो.

सगळं झाल्यावर इंजिन चालू ठेवून, पॅडल दाबून, मनात पाच आकडे मोजून रिव्हर्स टाकायला लावलं. आवाज न करता पडला. पाच मिनिटं पॅडल दाबून धरायला लावलं, बूट कोरडा. साडेबारा वाजून गेले होते. नवी सीलबंद बाटली सोबत दिली आणि सांगितलं, साताऱ्याला, खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर आणि लोणावळ्याच्या आधी थांबून बूट बघायचा. ओला लागला तर पुढचा घाट उतरायचा नाही, फोन करायचा. सकाळी फोन आला तो माल उतरल्याचा. परवा दिवशी गाडी परत आली. नव्या सिलिंडरसाठी जुना उघडला, तर दोन दिवसांच्या कपाच्या ओठावर बारीक रेघ दिसत होती. पोराला दाखवली. त्यानं तो कप खिशात टाकला, चुलत्याला दाखवायला.

आता ऑइलबद्दल, कारण निम्म्या गळत्या तिथून सुरू होतात. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, आणि या नावानंच घात केलाय. ते तेल नाहीच. ते ग्लायकॉलच्या जातीचं द्रव्य आहे. म्हणून तर पाण्यात मिसळतं. यातले रबरी कप त्या द्रव्यासाठी बनवलेले असतात, खनिज तेल लागलं की फुगतात. रात्री अडलेला ड्रायव्हर "ऑइलच हाय की" म्हणून इंजिन ऑइल ओततो. दोन-चार दिवस गाडी चालते, मग पॅडल परत वर येत नाही. डब्याच्या झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं दिसलं की समजायचं, कुणीतरी तेल ओतलंय. मग नुसतं धुऊन भागत नाही. वरचं, खालचं, होज, जेवढं रबर आहे तेवढं बदलावं लागतं. आणि डबा ब्रेकचा आणि क्लचचा एकच असेल तर ब्रेकचंही. काही गाड्यांत असा सामाईक डबा असतो. तुमच्या गाडीत कसं आहे ते नळी कुठून निघते ते बघून आजच माहीत करून घ्या. सामाईक असेल तर क्लचची गळती ही ब्रेकची गळती समजून गाडी जागेवर उभी करायची.

साबणाचं पाणी घालून गाडी आणणारेही भेटतात. गाडी येते, पण सिलिंडर आतून गंजायला त्या दिवशीच सुरुवात होते.

हे द्रव्य हवेतलं पाणी ओढतं. म्हणून चिंधीचं बूच लावलेली ती सीटमागची बाटली मला बघवत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोयना, पाटण, कुंभार्ली घाटात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. तिकडं फिरणाऱ्या गाडीत उघडी बाटली एक पावसाळा राहिली तर ती टाकून द्यायची. पाणी मुरल्यावर उकळायची मर्यादाही उतरते. डॉट ३ चं नवं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं नाही असा दंडक आहे, पाणी मुरलेल्याला तो १४० वर येतो. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. क्लचला एवढी उष्णता सहसा लागत नाही, पण तेच ऑइल ब्रेकमध्ये ओतलं जातं आणि पसरणी घाट उतरताना ब्रेकला लागते. डॉट ३ आणि डॉट ४ एकात एक मिसळले तर बिघडत नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात घालायचं नाही. बाटलीवरचा आकडा वाचा, नुसता रंग बघू नका.

जत-आटपाडीकडच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. तिथं पाऊस कमी, पण धूळ. बूट फाटला की धूळ आत, आणि ओलसर सिलिंडरात ती पॉलिश पेपरचं काम करते. उसाच्या गाड्या तर फडात शिरतात, चिखल थेट स्लेव्हवर. बुटाची किंमत किरकोळ असते, तो फाटल्या दिवशी बदला.

मोठ्या ट्रकांबद्दल थोडं. १६१३ सारख्या गाड्यांना ब्रेक हवेचे, त्यामुळं अख्ख्या गाडीत हे ऑइल फक्त क्लचला. ब्रेकमुळं जे कधीमधी बदललं जातं ते इथं कुणी बदलतच नाही. मी काढलेलं ऑइल कधीकधी काकवीसारखं निघालंय. या गाड्यांना क्लच बूस्टर असतो, ऑइलच्या दाबाला हवा मदत करते. बूस्टरच्या आतला सील गेला की ऑइल हवेच्या बाजूला जातं, बाहेर जमिनीवर काही पडत नाही, आणि ड्रायव्हर म्हणतो गळती नाही पण ऑइल कमी होतंय. बूस्टरच्या हवा सोडायच्या तोंडाशी बोट लावून बघा, ओलं लागेल. बूस्टर उघडायच्या आधी टाकीतली हवा पूर्ण सोडायची, यात घाई नको.

हंगामात मालक मला म्हणतात, "गाळप संपू द्या, मग बघू." त्यांचंही बरोबर असतं. टोळी फडात बसून आहे, मुकादमाला उचल दिलेली आहे, गाडी एक दिवस उभी राहिली तर तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि काट्यावर वजन घटतं. हे सगळं मी मान्य करतो. म्हणून मी त्यांना सांगतो, गाडी नंबरला लावून तुम्ही यार्डात तासन् तास उभे असता. किट आणून ठेवा, बूट कोरडा आहे का ते यार्डात बघा, आणि ओला असेल तर रिकाम्या गाडीनं परत येताना गॅरेजला या. दोन बोल्टांचं काम आहे. भरल्या गाडीनं, रात्री, चढाला तेच काम कुणीच करू शकत नाही.

आज घरी गेल्यावर एवढं करा. डबा फडक्यानं पुसा, ऑइल जिथं आहे तिथं मार्करनं रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. आठ दिवसांनी बघा. रेघेवरच असेल तर बाटली सीटमागून काढून टाका. खाली उतरलं असेल तर आधी केबिनमधलं मॅटिंग उचला, मग गाडीखाली जा. पुढच्या भागात क्लच बूस्टर टेबलावर उघडून बघू.